कारंजी बघायला निघालेल्या बाबूस

एका दिवसात, पायी, पुण्यातली सगळी कारंजी बघायची! आमच्या हापिसातल्या बाबूची टूम. मला म्हणाला, "येतोस का रे कवी? पाण्यावर चार ओळी सुचतील तुला." गिरणीला सुट्टी होती. लोणीहून सकाळची गाडी धरली, स्टेशनपासनं पायी.

शनिवारवाड्यात तिकीट काढून आत. हजारी कारंजं. दगडातलं सोळा पाकळ्यांचं कमळ, आत थेंब नाही. बाबू हरखला. कात्रजच्या तळ्यापासनं नानासाहेब पेशव्यानं नळ आणला, नुसत्या उतारावर पाणी खेळवलं, म्हणाला. खरंय. कारागिरी मी नाकारत नाही. पेठापेठांतले हौद भरायचे त्या नळानं. आणि त्याच पेशव्यांच्या पुण्यात आमच्या माणसाच्या कमरेला झाडू, गळ्यात मडकं. बाबासाहेबांनी १९३६ साली छापून ठेवलंय. थुंकी भुईवर पडून भुई बाटू नये म्हणून मडकं! वाड्यात पाणी उडवायचं आणि आमची थुंकी आमच्याच गळ्यात बांधायची. हे तिकिटाच्या पैशात कोण सांगत नाही.

पुढं बागेतली, लायटिंगवाली कारंजी होती यादीत. म्हन्लं, साहेब, गंज पेठ राह्यली.

"तिथं कुठाय कारंजं?"

नाही. हौद आहे. १८६८ साली जोतीबांनी आपल्या घरचा हौद महार-मांगांना खुला केला. कुणाचा ठराव नाही, अर्ज नाही. मुंबई कौन्सिलात बोल्यांचा ठराव व्हायला १९२३ उजाडलं, म्हणजे ५५ वर्षं. आणि तो ठराव कागदावरनं पाण्यात उतरवायला बाबासाहेबांना २० मार्च १९२७ ला महाडला जाऊन चवदार तळ्यात ओंजळ घालावी लागली. वर डोकी फुटली ती आमचीच.

तिकडं अमेरिकेत पिण्याच्या नळालाच फाउंटन म्हणतात. दक्षिणेत गोऱ्याचा वेगळा, काळ्याचा वेगळा, वर तशा पाट्या. १९६४ च्या कायद्यानं पाट्या बेकायदा झाल्या. माझ्या आजोळी आडावर पाटी नव्हती. आजी घागर घेऊन लांब बसायची, वरच्या आळीतली कुणी बाई दोन पोहरे ओतील म्हणून. कधी दुपार व्हायची. पाटी असती तर फोडली तरी असती कुणी. नजर कशी फोडणार?

बाबू गंज पेठेत आला नाही. पाय दुखतात म्हणाला. दिवसभर दुखले नव्हते. मी एकटाच गेलो, हौदाजवळ उभा राह्यलो, कविता काही सुचली नाही.

सांजच्याला लोणीत उतरून नदीवर गेलो. वर शहर जे नाचवतं, धुतं, हागतं, ते सगळं मुळा-मुठेतनं आमच्या दारात. काळं पाणी, फेस, जलपर्णी. मग भीमा, मग उजनी.

बाबू, यादीत हेबी घाल. तिकीट नाही. येताना नाकाला रुमाल तेवढा आण.