पाण्याखालचा निरोप खात्रीचा हवा

वरच्या पट्ट्यात पावसाने जोर धरला, की खान्देशात पहिली चौकशी होते ती हतनूरची. किती दरवाजे उघडले, विसर्ग किती? तापी-पूर्णा संगमाच्या खाली असलेल्या या धरणाला ४१ दरवाजे आहेत. इथून सुटलेले पाणी धुळे जिल्ह्यातील सुलवाडे बॅरेज ओलांडून पुढे गुजरातेत उकाईला पोहोचते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईच्या विसर्गाने सुरत बुडाले. नदीकाठच्यांसाठी धरणाचा प्रत्येक आकडा किती मोलाचा असतो, हे तेव्हा दिसले.

पाणीपातळी वरून मोजता येते. पण हतनूरची जुनी दुखणी तळाशी आहेत. गाळ किती साचला, तळच्या पाण्यात प्राणवायू किती उरला, हे सतत कळायचे तर सेन्सर पाण्यातच बसवावे लागतात. जिथे केबल नेता येते, तिथे केबलच बरी. मात्र कित्येक किलोमीटर पसरलेल्या, गाळाने भरलेल्या जलाशयात ती टिकवणे अवघड असते. मग सेन्सरांनीच एकमेकांकडे निरोप पोहोचवायचा. अशा जाळ्याचा अभ्यास जगभर सुरू आहे.

अडचण पाण्याचीच आहे. मोबाइलच्या रेडिओलहरी पाण्यात थोड्याच अंतरात विरतात, म्हणून निरोप ध्वनीने पाठवावा लागतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. हवेतील रेडिओलहरींपेक्षा जवळपास दोन लाख पट हळू. एका वेळी माहितीही थोडीच जाते. त्यात निरोप ऐकण्यापेक्षा पाठवायला कितीतरी जास्त वीज लागते, तळाशी सौरऊर्जा मिळत नाही आणि बॅटरी बदलायची तर बोट काढावी लागते.

म्हणून निरोप टप्प्याटप्प्याने, खोल सेन्सरकडून उथळ सेन्सरकडे असा वर आणला जातो. पण रोज एकच वाट धरली, तर त्या वाटेवरचे सेन्सर आधी बंद पडतात आणि जाळ्याला भोक पडते. कोणाची बॅटरी किती उरली, हे पाहून वाट बदलणारी पद्धत त्यामुळे हवी.

दुसरा धोका फसवणुकीचा. ‘मीच पृष्ठभागाजवळ आहे’ असे सांगणारे एखादे खोटे यंत्र सगळे निरोप स्वतःकडे ओढून गिळू शकते. कोणी जुनाच निरोप पुन्हा पाठवू शकते, तर कोणी सेन्सरांना विनाकारण बोलते ठेवून त्यांची बॅटरी संपवू शकते. यावर उपाय म्हणजे निरोप सांकेतिक करणे आणि त्याला ओळखखूण व क्रमांक जोडणे. मात्र वाढलेल्या प्रत्येक अक्षराची किंमत बॅटरी मोजते. सुरक्षा आणि वीजबचत अशा एकमेकींना ओढत असल्याने दोन्हींचा विचार एकत्रच करावा लागतो. हलकी सांकेतिक पद्धत, छोटी ओळखखूण, बदल झाला तरच निरोप आणि तातडीच्या इशाऱ्यासाठी दोन वाटा, हा व्यवहार्य मध्य आहे.

हे दूरचे स्वप्न नाही. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’मधील त्सुनामी इशारा केंद्र २००७ पासून चालू आहे. समुद्रतळावरचे दाबमापक ध्वनीने वरच्या तरंगत्या बोयाला आणि बोया उपग्रहाला निरोप देतो. तिथेही बोयांची मोडतोड हा त्रास ठरला आहे. यंत्र बसवले म्हणजे काम संपले, असे होत नाही.

खान्देशातल्या प्रत्येक तलावाला असे जाळे लागणार नाही; उन्हाळ्यात तळ उघडा पडणाऱ्या ठिकाणी तर नाहीच. पण जिथे ते घ्यायचे ठरेल, तिथे जलसंपदा विभागाने आणि महापालिकांनी निविदेत किमतीआधी चार प्रश्न विचारावेत. बॅटरी किती वर्षे टिकेल? मधला सेन्सर बंद पडला तर निरोप कोणत्या वाटेने येईल? तो खरा आहे, हे कसे ओळखणार? आणि दुरुस्तीला बोट घेऊन कोण जाणार? आकडा आलाच नाही, तर निदान संशय तरी येतो. चुकीच्या आकड्यावर विसंबून दरवाजे उघडले, तर त्याची किंमत काठावरच्या गावांना मोजावी लागेल.