दौंडचें बिनतारी केंद्र आणि मक्तेदारावरील नजर

पाटस स्टेशन सोडून गाडी पूर्वेकडे निघाली कीं पुढचें स्टेशन दौंडचें. आमच्या बहुतेक वाचकांस दौंड आठवतें तें मनमाडकडील फांटा आणि गाडी बदलण्याची तिष्ठत यांसाठीं. परंतु याच दौंडास १९२७ सालीं विलायतेहून येणारे बिनतारी संदेश पकडणारें केंद्र सुरू झालें होतें, हें पाटस-दौंडकडील किती सुशिक्षितांस ठाऊक असेल? संदेश पाठविणारें केंद्र खडकीस आणि घेणारें दौंडास, अशी ती योजना होती. पाठविणाऱ्या यंत्राचा गलबला शेजारीं असला तर हजारों मैलांवरून आलेली क्षीण लहर ग्राहकयंत्रास ओळखूं येत नाहीं. म्हणून दोहोंमध्यें हें अंतर राखलें होतें. दोन्ही केंद्रें तारेनें मुंबईशीं जोडलेलीं असत. इंग्लंडांत ग्रिम्सबीहून सुटलेला संदेश दौंडास उतरे, तेथून मुंबईस जाई, आणि व्यापाऱ्याच्या हातीं कागद पडे.

या केंद्रांमागें जो करार होता त्याकडे आज लक्ष वेधण्याचें कारण आहे. ब्रिटिश पोस्टखात्यानें १९२४ च्या जुलैत मार्कोनी कंपनीस ‘बीम’ पद्धतीचीं केंद्रें बांधून देण्याचा मक्ता दिला. पद्धत नवी होती. लघुलहरी एका दिशेनें झोतासारख्या फेंकावयाच्या, आणि तशाच दिशाबद्ध आकाशतारांनीं त्या झेलावयाच्या. दिवसा सुमारें १६ मीटरची लहर, रात्रीं ३४ मीटरची. हें वर्षभर निभेल कीं नाहीं याची खात्री खुद्द तज्ज्ञांसही नव्हती. तेव्हां पोस्टखात्यानें काय केलें? कंपनीच्या कीर्तीवर विसंबून राहिलें नाहीं. मिनिटास शंभर शब्द, तेही दोन्ही दिशांनीं आणि पुनरुक्तीचे शब्द वगळून, हा वेग ठरविला. असें काम दिवसाकाठीं सरासरी किती तास चाललें पाहिजे हेंही मार्गागणिक लिहून घेतलें: कॅनडाशीं अठरा, हिंदुस्थानाशीं बारा, दक्षिण आफ्रिकेशीं अकरा, ऑस्ट्रेलियाशीं सात. केंद्र ताब्यांत घेण्यापूर्वीं सलग सात दिवसांची परीक्षा ठेविली. हमी पाळली गेली नाहीं तर केंद्र नाकारून दिलेले पैसे परत मागण्याचा हक्क स्वतःकडे ठेविला.

मक्तेदारास उशीर झाला नाहीं असें नव्हे. पहिला कॅनडाचा मार्ग खुला होण्यास १९२६ चा ऑक्टोबर उजाडला, म्हणजे करारास दोन वर्षें उलटून गेलीं. पण उशीर झाला म्हणून कोणी परीक्षा सैल केली नाहीं, आणि मनोरे उभे दिसतात म्हणून कोणी ‘काम पूर्ण’ असा दाखला लिहून दिला नाहीं. मनोरा उभा राहणें आणि संदेश उतरणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ग्रिम्सबीच्या केंद्राची खरी परीक्षा तर ग्रिम्सबीस बसून होणारीच नव्हती. शब्द दौंडास नीट उतरले कीं नाहींत यावरच ती ठरावयाची.

आमच्या देशांत मात्र त्या काळीं सरकारनें हें काम परवाना देऊन एका खासगी कंपनीच्या हवालीं केलें. पुढें १९३२ त तिचें केबलवाल्यांशीं एकीकरण झालें आणि १९४७ त तो व्यवहार सरकारनें आपल्याकडे घेतला. विलायतेंत तरी काय झालें? बीमच्या चढाओढीनें केबल कंपन्या टेकीस आल्या, तेव्हां त्यांस वांचविण्यासाठीं जनतेच्या पैशानें बांधलेलीं हींच केंद्रें नव्या एकत्रित कंपनीस वार्षिक अडीच लक्ष पौंड भाड्यानें देण्यांत आलीं. परीक्षा कडक घेऊनही फळ दुसऱ्याच्या पदरांत पडूं शकतें, एवढें येथें नमूद करून ठेवितों.

पुणें जिल्ह्यांतच दुसरें उदाहरण आहे. जुन्नर तालुक्यांत खोडद येथें पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशांतील रेडिओलहरी टिपतात. प्रो. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून ती दुर्बीण साकार झाली. तेथील ग्राहकयंत्रणा संस्थेच्या स्वतःच्या अभियंत्यांनीं, बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेचें साहाय्य घेऊन उभारली. ज्या खात्यास यंत्र स्वतः बांधतां येतें किंवा निदान स्वतः मोजतां येतें, त्यास मक्तेदाराच्या अहवालावर डोळे मिटून सही करावी लागत नाहीं. १९२४ च्या पोस्टखात्याजवळही स्वतःचे बिनतारी अभियंते होते. अटी लिहिणारे आणि मोजणारे हात घरचेच होते.

आतां आमच्या गांवांकडे वळूं. ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची तार नेण्याची योजना केंद्र सरकारनें २०११ त मंजूर केली. तीच पुढें भारतनेट झाली. सुमारें अडीच लक्ष पंचायती जोडावयाच्या, आणि सुरुवातीची मुदत दोनच वर्षांची होती. ती वारंवार वाढली, आणि २०२३ त सुधारित योजनेसाठीं १,३९,५७९ कोटि रुपये मंजूर झाले. या कामाचा हिशेब सांगतांना किती मैल तार पुरली आणि किती पंचायती ‘सज्ज’ झाल्या हें सांगितलें जातें. पंचायतीच्या कचेरींत दिवसाचे किती तास संदेश खरोखर उतरतो, तें कोण मोजतो? सातबाराच्या उताऱ्यासाठीं खेड्यांतून आलेल्या बाईस ‘आज लाइन नाहीं’ हें उत्तर मिळालें, तर तिच्या बुडालेल्या मजुरीची नोंद कोणत्या रकान्यांत होते?

मक्तेदारांचीही एक बाजू आहे, ती दडवूं नये. काम पुरें करूनही बिलें महिनोन्‌महिने अडकतात, लहान मक्तेदार कर्जांत बुडतो, आणि मग जो निभतो तो वशिल्याचा. म्हणून परीक्षा कडक हवी तसा पैसाही नेमल्या दिवशीं हवा. अशा अटींवर कोणी निविदा भरणार नाहीं, अशी ओरड होते. पण मार्कोनीसारख्या जगप्रसिद्ध कंपनीनें त्या पत्करल्या होत्या, आणि त्याही अजून सिद्ध न झालेल्या यंत्रासाठीं.

आमची मागणी लहान आहे. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा, कलम ४ अन्वयें, सरकारी कचेऱ्यांस आपण होऊन माहिती प्रसिद्ध करण्यास बांधतो. तेव्हां दौंड तालुक्यांतील प्रत्येक पंचायतीच्या भिंतीवर मक्तेदाराचें नांव, कामाची मुदत, दिलेली रक्कम आणि मागील महिन्यांत दररोज किती तास लाइन चालू होती याचा तक्ता लागावा. तो मक्तेदारानें भरूं नये. ग्रामसेवकानें भरावा आणि ग्रामसभेंत वाचून दाखवावा. पाटसच्या ग्रामसभेनें येत्या बैठकींत तसा ठराव घेतला, तर इतर गांवांस नमुन्यासाठीं दूर जावें लागणार नाहीं.