बिनकारागिराचा कंदील

आमच्या गिरगावच्या वाडीत आकाशकंदील घरीच करावयाची जुनी रीत आहे. बांबूच्या कामट्या, खळ, रंगीत कागद आणि सल्ला देणारी मंडळी यांपैकी कशाचाच तुटवडा नसतो. गेल्या वर्षी मुलांनी वीस त्रिकोणी बाजूंचा कंदील केला. तो टांगून होतो न होतो तोच वाडीतल्या नानांनी खिशातून एक छापील चित्र काढले. पोलिओच्या विषाणूचे! त्याच्या कवचाचा घाटही हुबेहूब तोच, वीस त्रिकोणांचा. नाना म्हणाले, "हा कंदील करावयाला सहा पोरे रात्रभर खपली. मग हा विषाणू काय आपोआप झाला? कर्त्यावाचून कृती नाही!" टाळ्या पडल्या. सणाचा दिवस म्हणून मी गप्प बसलो. ती माझी चूक झाली.

होय नाना, आपोआपच झाला. त्या कवचात चार प्रकारच्या प्रथिनांच्या प्रत्येकी साठ प्रती असतात, आणि त्यांच्या कडाच अशा असतात की त्या ठराविक जागीच एकमेकींना धरतात. १९५५ साली अमेरिकेत फ्रेंकेल-कॉनराट आणि विल्यम्स यांनी तंबाखूच्या पानांवर पडणाऱ्या एका विषाणूचे सुटे केलेले भाग परीक्षानळीत नुसते एकत्र केले. विषाणू पुन्हा उभा राहिला. कामट्या बांधावयाला तिथे कोणी बसलेले नव्हते.

पण नानांचा वकील होऊन मीच पुढचा प्रश्न विचारतो. भाग जुळतात हे ठीक. असे सुबक जुळणारे भाग आंधळ्या उत्क्रांतीला सापडले कसे? वेडेवाकडे आकार तर अगणित. सोळा चौकोन कडेला कड लावून मांडले तर १,३०,७९,२५५ निरनिराळे आकार होतात, आणि त्यांत चोहीकडून सारखे दिसणारे अगदी मूठभर. मग निसर्गाचा हात नेमका त्या मूठभरांवरच का पडावा?

याचे उत्तर संगणकाने दिले आहे. जॉन्स्टन, डिंगल, लुईस प्रभृतींनी २०२२ साली ते प्रसिद्ध केले. त्यांची रचना पोरखेळासारखी सोपी आहे. चौकोनांच्या कडांवर आकडे. कोणता आकडा कोणत्या आकड्याला चिकटणार हे ठरलेले. त्या आकड्यांची माळ म्हणजे त्या संगणकी जीवाची जनुके. माळेत अधूनमधून एखादा आकडा अंदाधुंद बदलावयाचा आणि ज्याचा आकार सोळा चौकोनांचा होईल त्याला वंश वाढवू द्यावयाचा. आकार सुबक असावा अशी अट कोठेही नव्हती. तरीही सममित आकारच पुन्हा पुन्हा वर आले.

का, ते आमच्या वाडीतल्या कोणत्याही रांगोळी काढणाऱ्या बाईला विचारा. "पाव भाग काढ आणि तोच चारदा फिरव", एवढ्या सूचनेवर अंगण भरते. वेड्यावाकड्या नक्षीला मात्र प्रत्येक रेघ वेगळी सांगावी लागते. नाणे उडवून दहा छाप-काट्यांचा ठरलेला क्रम येण्याची शक्यता १,०२४ त एक. चाळीसांचा यावयाचा तर सुमारे एक लाख कोटींत एक. आंधळा हात आखूड सूचनेवर पडणे किती सोपे, हे यावरून कळेल. आखूड सूचनेतून जे निपजते ते बहुधा सुबकच असते. म्हणजे ज्या सुबकपणाला नाना कारागिराची सही समजतात, ती कारागीर नसल्याचीच खूण ठरते!

"संगणकात घालाल तेच बाहेर येईल," असेही काही विद्वान नाक मुरडून म्हणतात. अहो, पण सममिती आत घातलीच कोणी? चपटे चौकोन म्हणजे खरी प्रथिने नव्हेत, हे मला मान्य आहे. ते त्या संशोधकांनाही ठाऊक होते. म्हणून तर त्यांनी खऱ्या प्रथिनसंघांची नोंद तपासली. कल तिथेही तोच दिसला.

इथवरचा वाद फराळाबरोबर चालण्याजोगा आहे. पुढचा नाही. परळला आचार्य दोंदे मार्गावर, के. ई. एम. च्या आवारात, रक्तविकारांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे. सिकलसेल हा तिच्या अभ्यासाचा एक विषय. हिमोग्लोबिन हीदेखील चार साखळ्यांची आपोआप जुळणारी सुबक रचना. तिच्या एका साखळीतला सहावा दुवा बदलतो आणि जी कड चिकट नव्हती ती चिकट होते. प्राणवायू सोडला की रेणूला रेणू लागत लांबच लांब धागे होतात, रक्तपेशी विळ्यासारखी वाकते आणि मूल वेदनेने तळमळते. त्या संगणकी चौकोनांतही एक आकडा बदलला की आटोपशीर आकार बेफाम वाढत सुटतो. हा दोष टिकला कसा? आईबापांपैकी एकाकडूनच तो आलेल्या माणसाला मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी १९५४ साली दाखवून दिले.

या वर्षी कामट्या तासताना मी नानांना विचारले, "गडचिरोलीच्या, नंदुरबारच्या पोरांच्या रक्तात ही चिकट कड तुमच्या कारागिराने मुद्दाम बसवली काय?" नाना म्हणाले, "पूर्वकर्म." माझा आवाज चढला, हे मी लपवीत नाही. आजारी पोराच्या माथी वर गुन्हाही मारावयाचा?

आणि एकटे नानाच कशाला? १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, चांगलेच झाले. त्याच वर्षी एन. सी. ई. आर. टी. ने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांती वगळली. ओझे कमी करावयाचे होते म्हणे! अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. बारावीच्या जीवशास्त्रात ती आहे, असे उत्तर मिळते. पण दहावीनंतर जीवशास्त्र घेतात किती जण? आमच्या राज्य मंडळाच्या २०१८ सालच्या दहावीच्या पुस्तकात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा होता, हे सांगावयाला मला अभिमान वाटतो.

नानांचा नातू केंद्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेत दहावीला आहे. आमचे भांडण ऐकून तो संध्याकाळी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, ते चिकटणारे चौकोन दाखवा ना." कंदिलासाठी आणलेल्या पुठ्ठ्याचे सोळा चौकोन कापून, कडांवर आकडे घालून मी त्याला दिले आहेत. कंदील अर्धवट पडला आहे, आणि त्याबद्दल नाना माझ्यावर रागावले आहेत.