पत्रास कारण की...



आपल्या मराठी वर्गात मुलांनी काय शिकावे यावर पालकांत नेहमी दोन मते पडतात. एक मत असे की मुले आजी-आजोबांशी मराठीत बोलली म्हणजे पुष्कळ झाले; लिहिण्याचा आग्रह कशाला? फोन आहे, फोनवर चेहराही दिसतो. लिहायची वेळ आलीच तर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून धाडता येते. आमचे मत दुसऱ्या बाजूचे आहे. दर वर्गात निदान पंधरा मिनिटे लिहिण्यासाठी, आणि तीही पत्र लिहिण्यासाठी, राखून ठेवावीत असे आम्हाला वाटते.

आम्ही व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनियर. शुद्धलेखनाचे नियम शिकवणे हे आमचे काम नव्हे. ते आपल्या बाई उत्तम करतात. पण लिहिलेला मजकूर वाचून दुसऱ्या माणसाने काम करायचे, हा आमच्या धंद्याचा रोजचा मामला आहे. "प्रोग्रॅम चालत नाही" एवढेच कोणी लिहून पाठवले तर आम्ही काहीच करू शकत नाही. काय करायला गेलात, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, या तीन गोष्टी लिहिल्या तर निम्मे काम तिथेच होते.

बोलणे आणि लिहिणे यांत फरक काय? बोलताना ऐकणारा समोर असतो. त्याला कळले नाही तर तो "म्हणजे?" असे विचारतो आणि आपण सांगतो. लिहिलेले वाचले जाते तेव्हा आपण तिथे नसतो. म्हणून वाचणारा जे जे विचारील त्याचे उत्तर आधीच लिहून ठेवावे लागते. लेखनाची सारी बाराखडी या एका गोष्टीत आहे.

आता आपल्याच भाषेतले उदाहरण घ्या. "आजोबा परवा दवाखान्यात" असा निरोप आला. आजोबा जाऊन आले की जायचे आहेत? मराठीत मागचा दिवसही परवा आणि पुढचा दिवसही परवा. बोलताना "गेले होते" किंवा "जाणार आहेत" असे क्रियापद येते आणि घोटाळा होत नाही. घाईच्या निरोपात नेमके क्रियापदच गळते. तारीख लिहिली असती तर कोणाचा जीव टांगणीला लागला नसता.

वेळेचेही तसेच. कालगुर्लीचे घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे आहे. "रविवारी सकाळी आठला फोन करतो" असे आपण लिहिले तर कोणाचे आठ? आपले आठ वाजतात तेव्हा पुण्यात साडेपाच झालेले असतात. "तुमच्या घड्याळात आठ" एवढे लिहिले तर आजी पहाटेपासून फोनजवळ बसून राहणार नाही.

आता इंग्रजी अक्षरांतल्या मराठीबद्दल. के, ए, एल ही तीन अक्षरे लिहिली तर वाचणाऱ्याने काय वाचावे? काल, काळ, कळ, की कल? चारही शब्द मराठीत आहेत आणि चारही वेगळे. आपल्या लिपीत काना आहे, ल आणि ळ निराळे आहेत, ऱ्हस्व-दीर्घ आहे. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा. ही सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवली आहे; ती बाजूला ठेवून वाचणाऱ्याला कोडे घालायचे कशाला? मुलांनो, "ध चा मा करणे" ही म्हण तुम्ही ऐकली असेल. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथरावांच्या चिठ्ठीत "धरावे" असे होते, त्याचे आनंदीबाईंनी "मारावे" केले, अशी कथा सांगतात. कथेच्या खरेपणाविषयी वाद आहे. पण एका अक्षराने केवढा अनर्थ होऊ शकतो हे आपल्या लोकांना इतके पटले होते की त्याची म्हण झाली.

जुन्या मराठी पत्राचा साचा पाहिला की इंजिनियर म्हणून आम्हाला मोठे कौतुक वाटते. उजव्या कोपऱ्यात गाव आणि तारीख. मग मायना: आई-वडिलांना तीर्थरूप, वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, लहानांना चिरंजीव. पत्र कोणाला आणि आपले नाते काय, हे पहिल्या ओळीत ठरले. पुढे "पत्रास कारण की" म्हणून मुद्द्याला हात. शेवटी "कळावे" म्हणजे मजकूर संपला, पुढचे पान हरवलेले नाही. शिवाजी महाराजांच्या पत्रांत तर मजकूर संपला की तिथे मर्यादा मुद्रा उमटवीत. तिच्याखाली कोणी पदरची ओळ घालू शकत नसे. आजच्या ई-मेलला कोणाकडून, कोणाला, केव्हा आणि विषय काय, असे रकाने असतात. आपल्या आजोबांच्या पोस्टकार्डात हे सारे रकाने होते.

लिहून ठेवण्याचा महिमा आपल्या गावाला वेगळा सांगायला नको. जून १८९३ मध्ये इथे सोने सापडले ते पॅडी हॅनन, टॉम फ्लॅनगन आणि डॅन शे या तिघांना. कूलगार्डीला जाऊन दाव्याची कागदोपत्री नोंद केली ती हॅननने. आज मुख्य रस्ता हॅननच्या नावाचा आहे, पाण्याची पिशवी घेतलेला पुतळाही त्याचाच. उरलेल्या दोघांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होती?

आपल्यापैकी बऱ्याच घरांतले कोणी ना कोणी खाणीत पाळीवर जाते. एक पाळी दुसरीच्या हाती काम देताना काय लिहून ठेवते यावर जीव अवलंबून असतात. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या फलाटावर ६ जुलै १९८८ रोजी एका पंपाची सुरक्षा-झडप दुरुस्तीसाठी काढलेली होती. तसा कागदही लिहिलेला होता. पण ती बातमी रात्रपाळीपर्यंत पोचली नाही. त्यांनी तोच पंप सुरू केला. त्या दुर्घटनेत १६७ माणसे गेली. तेव्हा नुसते लिहिणे पुरत नाही. ज्याला हवे त्याच्या हाती, त्याला हवे तेव्हा, ते पडले पाहिजे.

काही पालक म्हणतील, आता यंत्रच पत्र लिहून देते, चुकाही सुधारते. खरे आहे. यंत्र वेलांटी सुधारील. पण तुमच्या मनात कोणता परवा होता, हे त्याला कोण सांगणार? आजोबांना गुडघ्याबद्दल आधी विचारावे की आपल्या क्रिकेटबद्दल आधी सांगावे, हे नातवानेच ठरवायचे असते. शिवाय फोनवरचे बोलणे आजीला नीट ऐकू आले नाही तर ती "हो हो" म्हणते आणि विषय संपतो. पत्र ती चष्मा लावून चार वेळा वाचते, शेजारणीला दाखवते आणि गादीखाली जपून ठेवते.

म्हणून आमची सूचना अशी. दर महिन्याला प्रत्येक मुलाने देवनागरीत एक पत्र लिहावे. पाच ओळींचे चालेल. ते आधी शेजारच्या मुलाला वाचायला द्यावे. त्याने फक्त प्रश्न विचारायचे: कोण? कुठे? कधी? कशाला? जितके प्रश्न येतील तितक्या ओळी पत्रात कमी आहेत असे समजावे आणि त्या भरून काढाव्यात. पालकांनी पहिल्याच वाचनात लाल पेन काढू नये. आधी अर्थ नीट पोचू द्या. वेलांट्या मागाहून सावकाश जागेवर येतील.

मुलांनो, पहिले पत्र कोणाला लिहायचे ते आजच ठरवा. पत्ता आईबाबांकडून घ्या, मजकूर मात्र तुमचा हवा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक पालक