११२ ला फोन लागतो, पण पत्ता सांगता येतो का?

पोस्ट लांब आहे. पण कामोठ्यात राहणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचावी, ही विनंती.

काही दिवसांपूर्वीची गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. बातम्या पाठवून झोपायच्या तयारीत होतो, तेवढ्यात शेजारच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधून एका बाईच्या ओरडण्याचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं तर एक माणूस तिला हाताला धरून मोटरसायकलकडे ओढत होता. समोरच्या चार खिडक्यांमध्ये दिवे लागले, त्यातले दोन लगेच विझले. मी ११२ लावला. फोन उचलला गेला. पलीकडच्या ताईंनी शांतपणे विचारलं, "काय झालंय आणि कुठे झालंय?"

काय झालंय ते मी धडाधड सांगितलं. कुठे, यावर मात्र अडकलो.

सेक्टर सांगितला. "प्लॉट नंबर? बिल्डिंगचं नाव?" नाव 'साई'ने सुरू होतं एवढंच आठवत होतं. आपल्याकडे 'साई'ने सुरू होणाऱ्या बिल्डिंगी किती आहेत, ते तुम्हाला सांगायला नको. मग मी आपण सगळे सांगतो तसं सांगायला लागलो. ती डेअरी आहे ना, तिच्या मागची गल्ली, वडापावच्या गाडीसमोर. ताई परत विचारतायत, "सर, प्लॉट नंबर?" इतकी वर्षं या भागाच्या बातम्या लिहितोय, पण शेजारच्या बिल्डिंगचा प्लॉट नंबर मला ठाऊक नव्हता!

शेवटी खिडकीतून हाक मारून वॉचमनकाकांना विचारलं. त्यांनी एका क्षणात सांगितला, कारण कुरिअरवाली पोरं रोज त्यांनाच विचारतात. एवढंच नाही, काका टॉर्च घेऊन नाक्यावर जाऊन उभे राहिले. पोलिसांची गाडी आली, पुढचं त्यांनी बघितलं. ती बाई सुखरूप आहे. पण मधली दोन-अडीच मिनिटं मी वाया घालवली. ओढून नेणाऱ्याला मोटरसायकलला किक मारायला किती वेळ लागतो?

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये.

आधी ही यंत्रणा नीट समजून घेऊ. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत ती भयंकर घटना घडली. पुढच्या वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात १००० कोटींचा निर्भया निधी जाहीर झाला. संकटात सापडलेल्या माणसासाठी देशभर एकच नंबर असावा, ही ११२ ची योजना त्याच निधीतून उभी राहिली. महाराष्ट्रात 'डायल ११२' २०२१ मध्ये सुरू झालं. राज्याचं मुख्य केंद्र आपल्याच नवी मुंबईत महापेला आहे, दुसरं नागपूरला. तुम्ही फोन लावला की तो तिथे घेतला जातो. माहिती कॉम्प्युटरवर भरली जाते आणि संबंधित पोलीस घटकाकडे जाते. जवळची गाडी जीपीएसमुळे नकाशावर दिसते आणि त्या गाडीतल्या स्क्रीनवर, ज्याला पोलीस एमडीटी म्हणतात, कॉलचा तपशील उमटतो. कॉल किती वाजता आला, गाडी किती वाजता निघाली, किती वाजता पोचली, सगळ्याची नोंद होते.

मी या यंत्रणेच्या बाजूने आहे, हे आधीच सांगतो. कारणही सांगतो.

माझ्या फोनमध्ये पोलीस ठाण्यातल्या दोन-तीन जणांचे नंबर आहेत. पत्रकाराकडे असतातच. नगरसेवकाकडे असतात, बिल्डरकडे असतात, सोसायटीच्या चेअरमनकडे असतात. तुमच्या घरी धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशींकडे नसतात. रात्रपाळी करून मानसरोवर स्टेशनवरून चालत घरी येणाऱ्या नर्सकडे नसतात. ओळख असेल त्याची गाडी लवकर आणि नसेल त्याची आली तर आली, हा आपल्याकडचा जुना हिशेब आहे. ११२ त्या हिशेबाला छेद देतो. मावशींचा कॉलही नोंदला जातो आणि चेअरमनचाही, दोघांपुढे वेळेचा शिक्का तोच. हद्द तुमची की आमची, या वादातही फोन करणाऱ्याने पडायचं कारण उरत नाही. खरं सांगायचं तर त्या रात्री माझंही बोट आधी ओळखीच्या नंबरकडेच गेलं होतं. लाज वाटली, म्हणून ११२ लावला.

आता दुसरी बाजू. पूर्वी १०० लावला की फोन आपल्या शहराच्या किंवा जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात वाजायचा. ऐकणाऱ्याला परिसर थोडाफार माहीत असायचा. आता फोन घेणाऱ्या ताई एका कॉलला गडचिरोलीशी बोलतात, दुसऱ्याला सांगोल्याशी आणि तिसऱ्याला कामोठ्याशी. त्यांना आपली डेअरी आणि वडापावची गाडी कशी माहीत असणार? तो त्यांचा दोष नाही. ऐकणारा कान गावाबाहेर गेला, म्हणून गावाची माहिती त्या नकाशात भरणं ही आपली गरज झाली.

हे दुसरीकडे कसं अंगलट आलंय, त्याचं गाजलेलं उदाहरण लंडनचं आहे. २६ ऑक्टोबर १९९२ ला तिथल्या अँब्युलन्स सेवेने कागदाच्या चिठ्ठ्या बाजूला ठेवून कॉम्प्युटरने गाड्या पाठवायला सुरुवात केली. गाडी नेमकी कुठे आहे हे मशीनला कळेनासं झालं. एकाच ठिकाणी दोन गाड्या जाऊ लागल्या, दुसरीकडे लोक ताटकळत राहिले, आणि तेच लोक परत परत फोन करू लागल्याने गोंधळ वाढत गेला. दोन दिवसांत त्यांना अर्धं काम पुन्हा हाताने सुरू करावं लागलं आणि ४ नोव्हेंबरला सिस्टीम पूर्ण बसल्यावर परत कागद आला. पुढे चौकशी झाली. प्रशिक्षण अपुरं, चाचणी अपुरी, घाई जास्त, हे तर निघालंच. शिवाय आपापल्या भागाच्या गाड्या वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या अनुभवी माणसांची जुनी घडी मोडून त्यांना नव्या जागी बसवलं होतं, हेही समोर आलं. मशीन आणलं, पण माणसांच्या डोक्यातलं शहर त्यात उतरवायचं राहून गेलं.

आपलं ११२ तसं कोसळलेलं नाही, चालू आहे. पण माणसांच्या डोक्यातलं कामोठे कागदावर तरी आहे का?

बघा ना. सेक्टर ६ कामोठ्यात आहे, तसा खारघरमध्ये आहे, कळंबोलीत आहे, नेरुळला आहे, वाशीलाही आहे. घाबरलेला माणूस नुसतं "सेक्टर सहा" म्हणतो. त्यात आपला पत्ताच चार कारभाऱ्यांचा. वसवलं सिडकोने, महापालिका पनवेलची, जिल्हा रायगड आणि पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं. पत्त्यात कोणी 'कामोठे, पनवेल' लिहितो, कोणी 'कामोठे, नवी मुंबई', कोणी 'जिल्हा रायगड'. तिन्ही बरोबर आहेत! पण रायगड जिल्हा पोलिसांचा कारभार अलिबागहून चालतो आणि कामोठे पोलीस ठाणं नवी मुंबई आयुक्तालयाच्या परिमंडळ २ मध्ये येतं. हे किती जणांना माहीत आहे?

बिल्डिंगींची तऱ्हा वेगळी. नाव कमानीवर सोनेरी अक्षरात आणि प्लॉट नंबर मात्र कुठेतरी पाण्याच्या टाकीमागे, तोही पुसट. नाक्यावरच्या सेक्टरच्या पाट्या शोधायच्या तर आधी भाऊंच्या, दादांच्या वाढदिवसाचे बॅनर उचलून बघावं लागतं. गावठाणात, जुईकडे तर घर शोधायचं म्हणजे घरमालकाचं नाव घेऊन विचारत जायचं.

"मोबाइलवरून लोकेशन कळतं की," असं कोणी म्हणेल. कळतं, पण प्रत्येक वेळी दारापर्यंत कळेलच असं नाही. नुसत्या टॉवरवरून काढलेलं लोकेशन शेकडो मीटरचा परिसर दाखवतं, आणि आपल्याकडे शंभर मीटरमध्ये किती बिल्डिंगी आणि किती मजले आहेत, मोजून बघा. जीपीएस मिळालं तरी मजला कोणता हे ते सांगत नाही. शेवटी तोंडी पत्ताच लागतो.

म्हणून माझं म्हणणं तीन जणांना आहे.

पहिलं आपल्याला, म्हणजे सोसायट्यांना. गेटवर रात्री दिसेल अशी पाटी लावा: बिल्डिंगचं नाव, प्लॉट नंबर, सेक्टर नंबर, कामोठे. खर्च गणपतीच्या एका दिवसाच्या डेकोरेशनपेक्षा कमीच येईल. घरात दाराच्या आतल्या बाजूला हाच पत्ता मोठ्या अक्षरात चिकटवा. घरातल्या आजीला आणि पाचवीतल्या पोराला तो वाचून दाखवता आला पाहिजे. घाबरल्यावर भल्याभल्यांना आठवत नाही, माझा अनुभव वर दिलाच आहे. आणि हो, मजा म्हणून ११२ लावणाऱ्या पोरांना आवरा. तिकडे गाडी अडकली की इकडे कोणाच्या तरी दारात ती पोचत नाही. खोटी माहिती देणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली गुन्हा आहे.

दुसरं सिडको आणि पनवेल महापालिकेला. महापालिका १ ऑक्टोबर २०१६ ला झाली. त्यानंतर जुन्या पाट्या कोणी बदलायच्या आणि नव्या कोणी लावायच्या, यात सामान्य माणसाला रस नाही. प्रत्येक नाक्यावर सेक्टरची आणि प्लॉटच्या क्रमाची पाटी हवी आणि तिच्यावर बॅनर लावणाऱ्यावर, तो कोणत्याही पक्षाचा असो, कारवाई हवी. भारतीय डाक विभागाने २०२५ मध्ये 'डिजिपिन' आणला आहे. साधारण चार मीटर बाय चार मीटर जागेला दहा अक्षरी कोड मिळतो. गावठाणातल्या घरांवर तो लिहायची मोहीम काढता येईल. नंबरच नसलेल्या घराला निदान एक खूण तरी मिळेल.

तिसरं पोलिसांना, आदराने. बीट मार्शलना गल्लीबोळ पाठ असतात. रिक्षावाल्यांना, वॉचमनना, डिलिव्हरीच्या पोरांना असतात. वर्षातून दोनदा पोलीस ठाण्यात सोसायट्यांच्या सेक्रेटरींना बोलवा आणि लोक ज्या नावाने जागा ओळखतात ती नावं, मैदानं, देवळं, शाळा, नाके, ११२ च्या नकाशात चढवून घ्या.

पोलिसांना अजून एक सांगायचं आहे, आणि खरी कसोटी तिथेच आहे. कॉल कधी आला आणि गाडी कधी पोचली याची नोंद मशीनमध्ये होतेच. मग दर महिन्याला ती पोलीस ठाण्यानिहाय जाहीर करा. कामोठे, खारघर, कळंबोली, खांदेश्वर, सगळ्यांची. नुसती सरासरी देऊ नका. नऊ ठिकाणी गाडी पाच मिनिटांत पोचली आणि दहाव्या ठिकाणी पंचेचाळीस मिनिटांनी, तर सरासरी नऊ मिनिटं येते. कागदावर छान दिसते, पण त्या दहाव्या घरात काय झालं ते सरासरी सांगत नाही. दहा मिनिटांच्या आत किती कॉलना पोचलो, अर्ध्या तासाच्या पुढे किती गेले, रात्री किती आणि दिवसा किती, असं सांगा.

आकडे वाईट निघाले तर आम्ही पत्रकार पोलिसांना झोडपू, ही भीती असेल. काही जण झोडपतीलही. पण त्याच आकड्यांतून हेही दिसेल की माणसं कमी पडतायत. नकाशावर जवळ दिसणारी गाडी बंदोबस्ताला लावलेली असेल तर कॉम्प्युटर काय करणार? स्क्रीन बसवली म्हणून हवालदार वाढत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं, आजूबाजूला टॉवर उभे राहतायत, माणसं वाढतायत. मनुष्यबळ वाढवून मागायला पोलिसांना याहून चांगला पुरावा कुठे मिळणार?

आज घरी गेल्यावर एकच करा. आपल्या बिल्डिंगचा प्लॉट नंबर, न बघता, घरातल्या प्रत्येकाला विचारा. आणि आपल्या वॉचमनकाकांना विसरू नका. त्या रात्री टॉर्च घेऊन नाक्यावर ते उभे राहिले, मी खिडकीतच होतो.