पडायला शिकवणारा वर्ग

आमचा मुलगा सातवीत असताना तिसऱ्यांदा शर्टाची बटणं तुटवून घरी आला. कुणी चिडवलं की त्याचा हात उठायचा. आम्ही समजावलं, रागावलो, काही उपयोग झाला नाही. शेवटी एका परिचितांनी ज्युदो सुचवला. अम्मींना ते पटलं नाही. ‘आधीच मारामाऱ्या करतो, त्याला आणखी डाव शिकवणार?’ तरी आम्ही नाव घातलं. मुंब्र्याहून लोकल, मग दिवा, कोपर, डोंबिवली. आठवड्यातून तीन दिवस ये-जा सुरू झाली.

पहिला महिनाभर एकही डाव शिकवला नाही. फक्त पडायचं. हनुवटी छातीला लावायची, डोकं मॅटला लागू द्यायचं नाही, हात सपाट आपटायचा. याला उकेमी म्हणतात. ‘पडायची फी भरता?’ अम्मी हसल्या. पण कडेच्या बाकावर बसून पाहताना आम्हाला एक गोष्ट कळली. आमच्या मुलाच्या रागाच्या मुळाशी हरण्याची भीती होती. रोज शंभर वेळा पडून उठणाऱ्याची ती भीती हळूहळू जाते.

दुसरी गोष्ट जोडीदाराची. ज्युदो एकट्याने शिकता येत नाही. एकदा तू मला टाक, एकदा मी तुला. समोरच्याने दोनदा हात आपटला की त्याच क्षणी पकड सोडायची. जिगोरो कानो यांनी १८८२ साली जपानमध्ये ज्युदो सुरू केला. दोघांचंही भलं व्हावं, हे त्यांच्या शिकवणीतलं एक मुख्य तत्त्व. आमच्या मुलाचा जोडीदार डोंबिवलीचाच. त्याने मुंब्रा फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिलेला. या रमजानमध्ये तो इफ्तारला आमच्याकडे आला आणि अम्मींनी त्याला जबरदस्तीने चार समोसे खाऊ घातले.

एक अडचण मात्र आली होती. सरावाआधी जोडीदारासमोर कमरेतून वाकतात. आपण झुकतो ते फक्त अल्लाहपुढे. मनात अढी ठेवून मुलाला काढून घेण्यापेक्षा आम्ही सरांशी मोकळेपणाने बोललो. ते म्हणाले, ‘यात पूजा नाही, आदर आहे. त्याने छातीवर हात ठेवला तरी चालेल.’ आता त्याचा जोडीदारही त्याच्यासमोर छातीवर हात ठेवतो.

कुस्ती आपल्याला परकी नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रुकाना या नावाजलेल्या मल्लाला चीत केल्याची रिवायत आहे. आणि खरा बलवान तो, जो रागाच्या वेळी स्वतःला आवरतो, हीही त्यांचीच शिकवण बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. आपल्या महाराष्ट्रात २०१८ साली जालन्यात महाराष्ट्र केसरी झालेले बाला रफिक शेख पुण्याच्या हनुमान आखाड्यात तयार झाले. मातीत उतरलेल्याला जोडीदार लागतो, मग तो कोणत्या मोहल्ल्यातला हे कोण विचारतो?

मुलामुलींना अशा वर्गात घालायचं असेल, तर आधी दोन दिवस नुसतं जाऊन बसा. पडायला आधी शिकवतात का, हात आपटल्यावर लगेच सोडतात का, मुलींच्या सरावाची सोय कशी आहे, हे पाहा. मनात शंका असेल तर विचारा.

परवा आम्ही सोबत परतत होतो. गर्दीत एकाने मुलाला जोरात ढकललं, वर शिवीही दिली. तो काही न बोलता सरकून उभा राहिला. मुंब्र्याला उतरल्यावर आम्ही विचारलं, ‘राग नाही आला?’

‘आला ना, अब्बू. पण त्याला पडता येत नसेल तर?’

घरी येऊन हे अम्मींना सांगितलं. त्यानंतर फीचा विषय त्यांनी काढलेला नाही.