‘माझा जीव, माझी रिस्क’ हे साफ खोटं आहे

‘सोलो’ हा शब्द आमच्या पिढीला फार आवडतो. सोलो राइड, सोलो कॅम्पिंग, सोलो ट्रेक. कुणाची वाट बघायची नाही, कुणाला सांगायचं नाही. कुणी काळजीनं बोललंच तर उत्तर तयार असतं : माझा जीव, माझी रिस्क, तुम्हाला काय त्रास?

त्रास आहे.

मी सुकापूरला राहतो. पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे जाणारा रस्ता इथूनच जातो. पावसाळ्यातल्या रविवारी पहाटेपासून बाइक्स नेऱ्याकडे, पुढे धोदाणीकडे धावतात. प्रबळगड, कलावंतीण, इर्शाळ हेही याच परिसरात. मॉल अर्ध्या तासावर असला की रानही बागेसारखं वाटू लागतं. पण बागेत ढोरवाटा नसतात. सह्याद्रीत मळलेल्या वाटेला दहा ठिकाणी गुरांच्या वाटा फुटतात, आणि त्यातली एखादी कड्यावर जाऊन संपते. पावसात गवत वाढलं, धुकं उतरलं, की खरी कुठली आणि खोटी कुठली हे फक्त तिथल्या माणसाला कळतं.

मे २०२२मध्ये लोणावळ्याजवळ नागफणीच्या जंगलात बाहेरगावचा एक तरुण इंजिनियर एकटाच गेला आणि वाट चुकला. चुकल्याचं त्यानं फोन करून कळवलंही. मग फोन बंद झाला. लोणावळ्याचं शिवदुर्ग पथक, एनडीआरएफ, पोलीस, सगळे शोधत राहिले. चार दिवसांनी दरीत मृतदेह सापडला.

त्या मुलाला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. फोन आहे म्हणजे आपण सुरक्षित आहोत, हा आपल्या सगळ्यांचाच समज आहे. आमच्या कामात ज्या एका गोष्टीवर सगळं अवलंबून असतं, तिला आम्ही बॅकअप ठेवतोच. डोंगरात मात्र तीच एक गोष्ट खिशात टाकून निघतो. जीपीएस नेटवर्कशिवाय चालतं, हे खरं. म्हणजे तुम्ही कुठे आहात हे तुम्हाला कळेल. दुसऱ्याला कळवायला नेटवर्कच लागतं. आणि रेंज नसलेल्या दरीत टॉवर शोधता शोधता फोन स्वतःची बॅटरी खात राहतो.

आता ‘माझा जीव’बद्दल. तुम्ही अडकलात की वर कोण येतं? सगळ्यात आधी पायथ्याच्या वाडीतले आदिवासी, हातातलं काम टाकून. मग रेस्क्यू पथकातली पोरं. ती बहुतेक स्वयंसेवक असतात. सकाळी नोकरी, रात्री दोरावर. तोच निसरडा कातळ, तोच घसारा, तोच अंधार. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ती ट्रेकर्सची दुर्घटना नव्हती, लोक आपल्या घरात झोपले होते. पण मदतीला जाणं म्हणजे काय, हे तिथे दिसलं. वर गाडी जात नाही, पावसात हेलिकॉप्टर उडेना. पायी चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकारानं मृत्यू झाला. वर चढणाऱ्यालाही घर असतं. तुमची रिस्क तुमच्यापाशी थांबत नाही.

‘हायवेवर रोज माणसं मरतात, मग तेही बंद करा’ असं कुणी म्हणेल. मी बंदी मागतच नाही. पावसाळा आला की प्रशासन धबधब्यांवर, गडांवर सरसकट बंदी घालतं; त्यात नीट तयारीनं जाणारेही भरडले जातात आणि वाडीतल्या पोरांचा वाटाड्याचा रोजगार बुडतो. पण त्या बंदीला कारण पुरवतो कोण? बेफिकिरीनं जाणारे आपणच ना?

तयारी म्हणजे महागडे बूट नव्हेत. घरी गडाचं नाव, वाट आणि परतायची वेळ लिहून ठेवा. ‘या वेळेपर्यंत फोन आला नाही तर ११२ लाव’ असं एका माणसाला बजावून सांगा. दोन-तीन लिटर पाणी, टॉर्च, शिट्टी. वाडीतला वाटाड्या घ्या आणि त्याला त्याचे पैसे द्या. वाट चुकली असं वाटलं की पुढे रेटू नका, ओढ्यानं खाली उतरू नका. ओढा धबधब्यालाच जाऊन मिळतो. फोनमध्ये जीव आहे तोवर कळवा आणि सुरक्षित जागी थांबा.

एवढं करायचा कंटाळा येत असेल, तर त्याला स्वातंत्र्य म्हणू नका. आपला निष्काळजीपणा दुसऱ्याच्या खांद्यावरून खाली आणायची ती सोय आहे. आणि ते खांदे पगारी नाहीत.